दारामागचं इंग्रजी

इंग्रजीतले 'इन', 'ऑन' आणि 'अंडर' हे तीन शब्द मी दाराच्या फळीमागे उभी राहून शिकले. म्हणजे शिकले नाहीच. यात दोष कुणाचा, यावर आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं वाद चालला. सासूबाई म्हणायच्या सासऱ्यांचा, सासरे म्हणायचे इंग्रजांचा. इतक्या वर्षांनी त्या धड्यांची आठवण आली तरी माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. माझं माहेर सुलतानपूरचं. चिखलीला मामांकडे राहून मी मॅट्रिकपर्यंत शिकले आणि इंग्रजीत नापास झाले. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा इंग्रजीतच आपटले. बाकीचे विषय सुटले होते, हे एकटं मानगुटीवर बसलेलं. तेवढ्यात लग्न ठरलं आणि मी देऊळघाटला सून म्हणून आले. गावातल्या मुलींच्या शाळेला तेव्हा बाई मिळत नव्हती. मॅट्रिक व्हायचं, बुलढाण्याला ट्रेनिंग करायचं, की ती जागा आपली, हे मला लख्ख दिसत होतं. मला दागिने नको होते, लुगडी नको होती, त्या शाळेतली खुर्ची हवी होती.

माझे सासरे मिडल स्कूलमध्ये इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. त्यांनी निर्णय जाहीर केला, तोही मला नव्हे, सासूबाईंना.

"अवं, एक डाव मी शिकवतो तिले. यंदा निंघाली तं ट्रेनिंगले धाडू. नाई निंघाली तं पुस्तकं माळ्यावर."

ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "बाबा म्हन्तीन तसं," आणि बैल घेऊन शेतात गेले. म्हणजे माझ्या हाती एकच परीक्षा उरली.

आता आमच्याकडची रीत अशी, की सून सासऱ्यांसमोर येत नसे. बोलत तर नसेच. ते ओसरीवर असले की मी मधल्या घरात. त्यांना पाणी द्यायचं तर तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा, बांगड्या वाजवायच्या आणि मागे सरायचं. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगत. मी दारामागून सगळं ऐकलेलं असलं तरी सासूबाई तेच पुन्हा मला सांगत, आणि माझं उत्तर पुन्हा त्यांना. भाकरी किती टाकायच्या एवढ्यापुरती ही रीत ठीक होती. इंग्रजीसाठी याहून निरुपयोगी रीत शोधून सापडली नसती. पण ती बदलावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

पहिल्या दिवशी सासरे ओसरीवर खुर्चीत बसले. समोर स्टुलावर त्यांची शाळेतल्या दिवसांपासूनची पत्र्याची पेटी, हातभर लांबीची, हिरवा रंग उडालेली. उंबऱ्यावर सासूबाई सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होत्या. दारामागे मी, डोक्यावर पदर, हातात वही.

आधी त्यांनी तत्त्व सांगितलं. "तिले सांग, आपल्यात नातं मागून येते. पयले पेटी, मंग 'त'. पेटीत. पयले पेटी, मंग 'वर'. पेटीवर. इंग्रजाचं नातं पयले येते अन् वस्तू मंग. इन द बॉक्स. ऑन द बॉक्स."

सासूबाई दाराकडे मान वळवून म्हणाल्या, "इंग्रजाचं उलटं हाये म्हन्ते."

एवढंच माझ्यापर्यंत अधिकृतपणे पोचलं. सासरे म्हणत होते ते खरं होतं, हे मला फार पुढे, स्वतः शिकवायला लागल्यावर पटलं. आपल्या भाषेत हे छोटे शब्द नामाच्या पाठीला चिकटतात, आणि चिकटण्याआधी त्या नामाला वाकवतात. डब्बा 'डब्ब्या' झाल्याशिवाय त्यात काही ठेवता येत नाही. घोड्याला 'घोड्या' केल्याशिवाय त्यावर बसता येत नाही. इंग्रजी बॉक्सच्या आत ठेवा, वर ठेवा, खाली ठेवा, तो बॉक्सच राहतो. छोटा शब्द त्याच्या पुढे सुटा उभा. आमच्या शेजारच्या चाची म्हणायच्या, 'संदूक के ऊपर'. त्यांचा शब्द आमच्यासारखा मागून यायचा, पण इंग्रजीसारखा सुटा, आणि मधे एक 'के' कशासाठी घालायचा ते चाचींनाही ठाऊक नव्हतं. एका भिंतीच्या दोन बाजूंना या दोन तऱ्हा, आणि मला परीक्षेला नेमकी तिसरी.

सासूबाईंना हे सगळं ऐकून कंटाळा आला. "काय हे बिनाकामाचं!" त्या सुपात डाळ झटकत म्हणाल्या.

सासरे खुर्चीतून उठलेच. "पाह्य! 'बिना' पयले आलं का नाई? कामाच्या पयले आलं! दररोज म्हन्ते ना तू, तं 'दर' पयले अन् 'रोज' मंग! इंग्रजाची रीत तुह्याच तोंडात हाये, अन् म्हन्ते बिनाकामाचं!"

आपण आजवर इंग्रजी रीतीने बोलत आलो आहोत, हे सासूबाईंना तेव्हा कळलं. त्यांनी ऐटीत पदर सारखा केला. पुढचा सगळा घोळ मला वाटतं त्या क्षणी सुरू झाला.

कारण लगेच सासऱ्यांनी चष्म्याचं घर पेटीवर ठेवलं आणि विचारलं, "विचार तिले, कुठी हाये?" मी दारामागे. मला पेटी दिसत नव्हती, चष्म्याचं घर दिसत नव्हतं, सासरे दिसत नव्हते. दिसत होत्या फक्त सासूबाई. तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच सुपावर हात ठेवला.

"ऑन," मी कुजबुजले.

"ऑन म्हन्ते," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या.

चष्म्याचं घर पेटीत गेलं, सासूबाईंची बोटं डाळीत गेली. ते पेटीखाली गेलं, सासूबाईंचा हात सुपाखाली. मी सगळी उत्तरं बरोबर दिली. दुसऱ्या दिवशी 'बिहाइंड' आणि 'बिटवीन' आले, तर सासूबाईंनी त्यांच्याही खुणा बसवल्या. सूप पाठीमागे धरलं की एक, दोन गुडघ्यांत धरलं की दुसरा. दोन आठवडे हे चाललं. मला कळत होतं की हे इंग्रजी नव्हे, ही डाळ आहे. पण बोलू कुणाशी? सासऱ्यांशी बोलायचं तर सासूबाईंच्या तोंडून, आणि त्या आपलीच चहाडी कशाला पोचवतील! शिवाय त्या हे माझ्या भल्यासाठी करत होत्या, याचाच मला जास्त संताप यायचा.

सासरे मात्र फुलून गेले होते. चावडीपाशी बसून चार जणांना सांगत, "सून माही, एक चुकत नाई." मग त्यांनी लेखी परीक्षा घेतली. वीस वाक्यं, वीस रिकाम्या जागा. तिथे सूप चालेना. वीसपैकी तीन बरोबर आली, त्यातली दोन अंदाजाने.

सासऱ्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून तपासली.

"तोंडी समदं बरोबर, लेखी समदं चूक," सासरे म्हणाले. "हे कसं काय?"

"इंग्रजाचं काई सांगता येते काय?" सासूबाई म्हणाल्या आणि डाळ घेऊन आत निघून गेल्या.

यावर सासऱ्यांनी काय उपाय काढावा? तर तोंडी धडे दुप्पट केले. सकाळी एकदा, दुपारी एकदा. मी दाराच्या फळीवर कपाळ टेकून उभी राहिले. परीक्षेला दीड महिना राहिला होता. पुस्तकं माळ्यावर जाताना मला दिसत होती.

त्या दुपारी मी वही उघडली. सुनेनं सासऱ्यांशी बोलू नये, अशी रीत होती. लिहू नये, अशी नव्हती. कारण त्या घरात लिहिता येणारी सूनच याआधी आली नव्हती. मराठीत लिहायचा धीर झाला नाही. मराठीत लिहिलं की ते बोलल्यासारखंच झालं असतं. म्हणून इंग्रजीत लिहिलं, मोडकंतोडकं: आय स्टँड बिहाइंड ऑफ द डोअर. आय कॅनॉट सी टू द बॉक्स. मदर शोज मी फ्रॉम हर हँड. मी दारामागे असते, मला पेटी दिसत नाही, आई मला हाताने दाखवतात. वही चहाच्या कपाखाली ठेवून सासूबाईंकरवी ओसरीवर धाडली. कपाखाली काय नेतो आहोत, ते त्यांना वाचता येत नव्हतं.

सासऱ्यांच्या खिशात एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी जाड पेन्सिल असायची. तासाभराने वही परत आली. 'ऑफ'वर लाल काट. 'टू'वर लाल काट. 'फ्रॉम' खोडून वर 'विथ'. खाली, दहापैकी चार. बस. उत्तर नाही, जाब नाही, की बरं-वाईट एक शब्द नाही. मी त्या माणसाला सांगत होते की मी बुडते आहे, आणि तो माझ्या हाकेतलं व्याकरण तपासत होता! मी ती वही चुलीत घालणार होते.

पण दुसऱ्या दिवशी धड्याच्या वेळी ओसरीवरून आवाज आला, "अवं, तू आत चहा टाक. इथी नोको बसू." सासूबाई तोंड वाकडं करून उठल्या. मी फटीतून पाहिलं. सासऱ्यांनी खुर्ची फिरवली होती. आता त्यांचं तोंड रस्त्याकडे, पाठ दाराकडे, आणि पेटी खुर्चीच्या मागे, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर. सून समोर येऊ शकत नाही, पण सासरा पाठमोरा बसू शकतो, असा त्यांनी रात्रभर विचार करून तोडगा काढला असावा. मी उंबऱ्याशी येऊन बसले. पहिल्यांदा मला पेटी दिसली.

आता मला दिसत होती, पण त्यांना दिसत नव्हती. ते हात मागे करून अंदाजाने वस्तू ठेवत. पेटीवर ठेवायला गेलेली दौत पेटीच्या बाजूला सांडली. चष्म्याचं घर ते तीनदा हवेतच सोडून मोकळे झाले, आणि वर रस्त्याकडे बघत ऐटीत म्हणाले, "कुठी हाये?" मी वहीत लिहिलं की ते जमिनीवर आहे. त्यांनी खांद्यावरून हात मागे करून वही घेतली, 'इन द ग्राउंड' खोडून 'ऑन द ग्राउंड' केलं, एक मार्क कापला, आणि मग वाकून चष्म्याचं घर शोधायला लागले. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत. हा म्हातारा एकटाच रस्त्याशी इंग्रजी बोलतो, असं गावात झालं.

मग मी रोज लिहायला लागले. पेटी आणि दौत यांचा मला वीट आला होता, म्हणून जे होतं तेच लिहायचे. तुम्ही खुर्चीत बसता, मी उंबऱ्याजवळ बसते, आई मधल्या घरातून रागाने बघतात. एकदा लिहिलं, 'मदर इज अँग्री ऑन मी.' आपल्यात राग माणसावर असतो. लाल पेन्सिलीने 'ऑन'चं 'विथ' केलं. म्हणजे इंग्रजांत दोघांनी मिळून रागवायचं की काय? चीड आली. आपण सोमवारी, मार्चात आणि पाच वाजता सहज जगतो. त्यांना सोमवारासाठी 'ऑन' लागतो, मार्चासाठी 'इन', पाचासाठी 'ॲट'. चिखलीला जायला 'टू' पाहिजे, शाळेला जायला 'टू' पाहिजे, आणि घरी जायला नको. मी लिहून विचारलं, घराला का नको? त्या दिवशी पहिल्यांदा निळं टोक वापरलेलं दिसलं. बारीक अक्षरात उत्तर होतं: बिकॉज इट इज होम.

हे काय उत्तर झालं? पण ते चुकलं मात्र कधी नाही.

मार्क चारचे पाच झाले, पाचचे सात. सातच्या पुढे काही जाईनात. दहा तर त्यांनी नोकरीतही कुणाला दिले नव्हते, असं सासूबाई सांगायच्या.

परीक्षा मार्चात, चिखलीला. गहू काढणीला आलेला, ह्यांना निघता येईना, म्हणून सासरे सोबत आले. बुलढाण्यापर्यंत गाडीत गर्दी होती, ते उभे राहिले, हे समजण्यासारखं होतं. बुलढाण्याला गाडी बदलली. चिखलीच्या गाडीत मी खिडकीशी बसले, शेजारची जागा रिकामी, आणि सासरे दांडी धरून उभे. सुनेशेजारी एका बाकड्यावर कसं बसायचं! दुसरी जागा नव्हती. गुडघे दुखत होते हे मला ठाऊक होतं. रोज सकाळी सासूबाई तेल चोळत.

"बाबा, बसा ना, जागा कोनासाठी राखून ठेवली?" कंडक्टर म्हणाला.

"उभा बरा हावो मी," सासरे म्हणाले.

गाडी वळली की ते पुढे झुकत, खड्डा आला की दांडीला लोंबकळत. लोक माझ्याकडे बघत होते, जशी काही मीच म्हाताऱ्याला उभं ठेवलं होतं. तासाभराने माझी परीक्षा, आणि डोक्यात इंग्रजीचा एक शब्द नाही, नुसता राग. शेवटी मी पिशवीतून वही काढली, एक ओळ लिहिली आणि वही वर धरली. प्लीज सिट बिसाइड मी. माझ्याशेजारी बसा.

त्यांनी एका हाताने दांडी धरून ती वाचली. खिशातून पेन्सिल काढली. गाडी हलत होती तरी जपून काहीतरी लिहिलं आणि वही परत दिली. ओळीत एकही काट नव्हती. खाली लाल पेन्सिलीने, दहापैकी दहा.

आणि चिखली येईपर्यंत उभेच राहिले.

पेपरात रिकाम्या जागांचा प्रश्न आलाच. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. शाळेच्या आवारात कडुनिंबाच्या झाडाखाली सासरे बसले होते, मांडीवर माझी पिशवी, पाठ माझ्याकडे. तीन तास ते तसेच पाठमोरे बसले. मी एकेक जागा भरत गेले. कुणाच्या सुपाकडे बघावं लागलं नाही.

निकाल लागला आणि मी पास झाले. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटताना सांगितलं, की पोरगी सुपावर शिकली. सासरे काहीच म्हणाले नाहीत. माझ्याशी तर नाहीच.

जूनमध्ये बुलढाण्याच्या ट्रेनिंगला वसतिगृहात राहायला निघाले. सासरे पोचवायला आले. त्यांनी आपली हिरवी पेटी रिकामी करून मला दिली होती. तीत माझ्या वह्या, दोन लुगडी, फणी. गाडीत पुन्हा तेच. मी खिडकीशी, शेजारी जागा, सासरे उभे. मी मनात म्हटलं, आता नाही हो, आता मला सहन होणार नाही, आणि त्यांच्यासारखीच दांडी धरून उभी राहायला उठले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या पायाशी ठेवलेली पेटी उचलली, बाकड्याच्या मधोमध ठेवली, आणि तिच्या पलीकडे, कडेला, अर्ध्या जागेवर बसले. मीही बसले. मधे पेटी.

कंडक्टर ओरडला, "बाबा, पेटी खाली ठेवा, मानसं बसतीन तथी!"

"तिचं बी तिकीट फाड," सासरे म्हणाले.

गाडी निघाली. पहिल्याच वळणावर पेटी घसरायला लागली. सासरे समोर रस्त्याकडे बघत होते. मधे सासूबाई नव्हत्या, वही नव्हती.

"धरून ठेव," ते म्हणाले.

"हाव," मी म्हणाले, आणि बुलढाणा येईपर्यंत मी माझ्या बाजूने आणि त्यांनी त्यांच्या बाजूने पेटी धरून ठेवली.